चौथ्या माणसासमोर

माझ्या दुकानात ठिबकच्या नळ्या मिळतात, फिल्टर मिळतात, खताच्या टाक्या मिळतात आणि प्रेमराज मुकादमाचा खून फुकट मिळतो. सकाळी आठ ते दहाच्या मध्ये जो कोणी दुकानासमोरच्या बाकावर टेकेल त्याला तो घ्यावाच लागतो. देणारे दोघे. एक बन्सीलालनाना, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. दुसरे रुपचंदभाऊ, ज्यांच्या केळीचा घड आमच्या असोद्यात सगळ्यात वजनदार भरतो, असं ते स्वतःच सांगतात. खून १९८१ सालचा. मी तेव्हा आईच्या पोटात होतो, पण या दोघांच्या कृपेने मला तो काल झाल्यासारखा पाठ आहे.

प्रेमराज हा केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम. भर दुपारी, आमच्याच केळीच्या बागेत, कोयत्याच्या घावाने मेला. बन्सीलालनानांचं म्हणणं, हे काम त्याच्या चुलतभावाचं. बांधावरून दोघांचं वाकडं होतं, आणि खून झाल्यावर तो जो सुरतेला गेला तो तेराव्यालाही आला नाही. रुपचंदभाऊंचं म्हणणं, खून झुलालनेच केला. हा झुलाल टोळीतला, नरडाण्याकडचा. आदल्या दिवशी त्याच्या हातून घड पडला म्हणून प्रेमराजने चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली होती. खुनानंतर तासाभराने तो नाल्याकाठी दारू पिऊन पडलेला सापडला, शेजारी कोयता, सदऱ्यावर डाग.

"डाग केळीच्या चिकाचे नसतील कशावरून?" इथे नाना हटकून विचारतात. खोटं नाही. केळी कापणाऱ्याचा सदरा जन्मभर काळ्या-तांबड्या डागांनी भरलेला असतो, आणि वाळलेला चीक नि वाळलेलं रक्त यांत फरक करणं कठीण. तपासणीच्या कागदातसुद्धा 'निश्चित सांगता येत नाही' असंच आलं होतं.

मग रुपचंदभाऊ हुकमाचं पान टाकतात. "आरे पन अक्कानं डोयानं पाह्यलं ना."

आणि दोघे माझ्याकडे बघतात. कारण ही अक्का म्हणजे माझी आई, सुगंधाबाई. त्या खटल्यातली एकुलती एक साक्षीदार. झुलालला जन्मठेप झाली ती तिच्या साक्षीवर.

"आईने पाहिलंय. विषय संपला," मी म्हणायचो. "आता नळी बारा एमएमची पाहिजे की सोळाची, ते बोला."

खोटं कशाला सांगू, मला हे आवडायचं. एकोणीस वर्षांची पोटुशी सून कोर्टात उभी राहते आणि खुन्याकडे बोट दाखवते, त्या बाईचा मी मुलगा. शाळेत मास्तरांनी मला उभं करून वर्गाला ही गोष्ट सांगितली होती. मला राग लवकर येतो, तोंडही जरा तिखट आहे, पण गावात कोणी मला खोटारडा म्हणत नाही. कुंदनच्या घरात खरं बोलायची रीत आहे, असं लोक धरून चालतात. आईने मात्र ही गोष्ट स्वतः कधी सांगितली नाही. तो तिचा मोठेपणा, असं मी समजत होतो.

गेल्या महिन्यात दुकानाच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "मी दिपमाला. नरडाण्याहून बोलते. झुलालची मुलगी."

 बाकावरचे दोघे उठून काउंटरशी आले, कारण फोन स्पीकरवर होता.

"बाबांचे दिवस भरत आलेत, भाऊ. दोन्ही किडन्या गेल्या. तुमच्या आईला एकदा भेटायचं म्हणतात. भांडायला नाही. एकच गोष्ट विचारायची आहे त्यांना."

मी तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोर्टाने निकाल दिला, माणूस शिक्षा भोगून बाहेर आला, आता माझ्या म्हाताऱ्या आईला कशाला त्रास, असा त्याचा मथितार्थ. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा सुटून आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मधल्या काळात माझी आई गेली. तुम्हाला जे बोलायचं ते बोला, मला सवय आहे. पण तुमच्या आईला विचारा तरी."

मी विचारणार नव्हतो. पण बन्सीलालनाना या माणसाच्या पोटात कधी काही राहिलंय का? दुपारी ते ताक प्यायला म्हणून आमच्या घरी गेले आणि आईला सगळं सांगून आले. मी जेवायला गेलो तेव्हा तिने चांगलं लुगडं काढून ठेवलं होतं.

"उद्या जाऊ," ती म्हणाली.

"काही गरज नाही."

"मले जायचंय. तुले यायचं नसंल तर बन्सीलालले घेऊन जाईन."

नानांबरोबर आईला पाठवण्यापेक्षा मी स्वतः गेलेलं बरं.

सकाळी जळगावला गाडीत बसलो. माझ्या बायकोने, कामिनीने, दशम्या बांधून दिल्या होत्या. आईने त्या मांडीवर धरून ठेवल्या आणि अमळनेरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करत होतो. त्या बाईने आरोप केला तर हे बोलायचं, म्हातारा रडला तर ते बोलायचं. अमळनेर सुटलं आणि आई म्हणाली, "कुंदन, म्या त्याचं तोंड पाह्यलं नव्हतं."

"कोणाचं?"

"बागेतल्या मानसाचं."

मला वाटलं, उन्हामुळे हिला काही होतंय. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली आणि सांगायला लागली. मी ते माझ्या शब्दांत लिहितो, कारण ती मध्ये मध्ये थांबत होती, आणि मीही मध्ये मध्ये तिच्यावर ओरडत होतो.

त्या दिवशी ती माझ्या वडिलांची भाकरी घेऊन बागेत चालली होती. केळीची बाग भरात असली की आत भर दुपारी अंधारल्यासारखं असतं. वाळलेली पानं खोडांना लोंबत असतात, त्यामुळे दोन ओळी पलीकडचा माणूस गुडघ्यापासून खालीच दिसतो. तिला दोन माणसांचे पाय दिसले. आवाज झाला, आणि एका माणसाचे पाय आडवे झाले. दुसरे पाय क्षणभर उभे राहिले आणि मग तिच्याच बाजूला यायला लागले.

"मग?" मी विचारलं.

"मग म्या पदर घेतला."

"म्हणजे?"

"मानूस येत होता ना. म्या तोंडावर पदर ओढला आन खाली मान घालून उभी राह्यले."

मला हसावं की रडावं कळेना. समोरून माणूस मारून येणारा माणूस येतोय, आणि ही सून त्याच्यासमोर पदर घेते. पण तेव्हा आमच्याकडे रीतच तशी होती. सासरच्या गावात समोरून कोणीही पुरुष आला की सुनेने पदर ओढायचा, तो सासरा असेल, भाया म्हणजे थोरला दीर असेल, गावातला कोणी मोठा असेल. आई सांगते, लग्नानंतर सहा महिने ती घरातल्या पुरुषांना पायांवरूनच ओळखायची. थोरल्या काकांच्या टाचेला भेग, माझ्या आजोबांचा, आबांचा, अंगठा वाकडा. तोंड कोणाचं कसं हे तिला हळूहळू कळत गेलं. त्या दिवशी ते पाय तिच्यासमोरून गेले, चिखलाने भरलेले, आणि तिने ते पदराखालून पाहिले. तेवढंच.

"मग पोलिसांना सांगितलं का नाही?"

"त्यायनं इचारलं, पाह्यलं का. म्या म्हनलं, पाह्यलं. पाह्यलंच होतं ना. मग इचारलं, वयखशील का. म्या काही बोलायच्या आधी आबा म्हनले, हो, वयखीन ती."

आबा म्हणजे तिचे सासरे. सासऱ्याचा शब्द सुनेने पोलिसांसमोर खोटा पाडायचा? १९८१ सालच्या असोद्यात हे शक्य नव्हतं, आणि मला हे कळतं. कळत असूनही मी डब्यात सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. पलीकडची बाई मुलाला घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

"आणि ओळख परेड? तिथे तर तू त्याला ओळखलंस."

आईने दशम्यांचा रुमाल उलगडला, पुन्हा गाठ मारली.

तुरुंगाच्या आवारात सात माणसं ओळीत उभी होती. एक अधिकारी होता, दोन पंच होते. त्यांतला एक पंच आमच्याच गावचा, आबांच्या वयाचा. त्याला पाहून आईने पुन्हा पदर ओढला. अधिकारी म्हणाला, बाई, ओळीने चालत जा आणि जो माणूस असेल त्याच्या खांद्याला हात लाव. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, या एका गोष्टीची तिला इतकी लाज वाटली की बाकीचं सगळं डोक्यातून गेलं. ती चालायला लागली. खाली बघत, पायांकडे. पहिला, दुसरा, तिसरा. सगळ्यांचे पाय धुतलेले, स्वच्छ. तिने पाहिलेले चिखलाचे होते. चौथ्या माणसासमोर ती थांबली.

"पाय ओळखलेस म्हणून?"

"तू हालला," आई म्हणाली.

"कोण?"

"तू. पोटात. पहिल्यांदाच हालला तू. इतका जोरात की मह्या पोटावर हात गेला आन मी थांबले. साहेबानं इचारलं, हाच का? मले काही सुचेना. म्या काहीच बोलले नाई. त्यायनं लिहून घेतलं."

गाडी कुठल्यातरी लहान स्टेशनावर उभी होती. कोणीतरी चहा विकत फिरत होतं. मी आईकडे बघत होतो आणि मला नीट काही दिसत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं मी ज्या गोष्टीवर छाती काढून चाललो ती गोष्ट एवढी होती. मी लाथ मारली आणि एक माणूस चौदा वर्षं आत गेला.

"पण कोर्टात?" मी तरीही सोडत नव्हतो. "कोर्टात बोट दाखवलंस ना?"

"कोर्टात पिंजऱ्यात एकच मानूस होता, कुंदन. वकील म्हनला, तो मानूस इथी आहे का. म्या कोनाकडं बोट दाखवू?"

मग ती जे म्हणाली त्याने माझं डोकं आणखीच फिरलं. ती म्हणाली, खटल्यानंतर सगळे म्हणायला लागले की सुगंधाने पाहिलं. म्हणता म्हणता तिलाही दिसायला लागलं. आता डोळे मिटले की त्या बागेत, त्या पायांच्या वर, झुलालचंच तोंड दिसतं. अगदी स्पष्ट. पानं बाजूला होतात आणि तोंड दिसतं. ते कोर्टातलं तोंड तिथे येऊन चिकटलं, की खरोखरच पदर घ्यायच्या आधी क्षणभर तिला ते दिसलं होतं, हे तिला सांगता येत नाही.

"म्हणजे तो असेलही?"

"असंल. नसंलही."

"मग तू आज काय सांगणार आहेस त्याला?"

"हेच," आई म्हणाली. "तोंड नाई पाह्यलं, हे सांगन. लई वर्सं झाली."

नरडाण्याला दिपमाला स्टेशनवर आली होती. पंचेचाळिशीची, किडकिडीत, एमआयडीसीतल्या कारखान्याचा गणवेश अंगात, अर्धी सुट्टी टाकून आलेली. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक फाइल होती. रिक्षात बसल्या बसल्या तिने ती उघडली. निकालाची प्रत, पंचनाम्याची प्रत, आणि वहीचे पन्नासेक कागद तिच्या अक्षरात. चुलतभाऊ कुठे होता, टोळीतले बाकीचे कुठे होते, कोयते किती होते आणि जप्त किती झाले. आमच्या बाकावरचे दोघे वर्षानुवर्षं जो घोळ घालतात, तो हिने एकटीने, कोणी समोर बसलेलं नसताना घातला होता. प्रत्येक संशयितासमोर बारीक अक्षरात कारणं. फक्त तिच्या बापाचं नाव त्या यादीत नव्हतं.

"मला कोर्टात जायचं नाही, भाऊ," ती मला म्हणाली. "जाऊन आता काय होणार? पण बाबांच्या कानावर एकदा पडू दे की ते नव्हते. मी लहानपणापासून सांगते त्यांना. ते ऐकत नाहीत. मावशींनी सांगितलं तर ऐकतील."

आईच्या आधी मी बोललो. गाडीतलं ऐकून माझं डोकं जाग्यावर नव्हतं, आणि त्या बाईचे ते पन्नास कागद मला बघवेनात. मी म्हणालो, "आई तेच सांगायला आली आहे."

दिपमालाने फाइल छातीशी धरली आणि घर येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली. तिचे डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

झुलाल पुढच्या खोलीत खाटेवर होता. माझ्या डोक्यात इतकी वर्षं जो झुलाल होता तो धिप्पाड, लाल डोळ्यांचा. इथे एक सुकलेला म्हातारा पडला होता, तोंडावर आणि हातांवर सूज, पायांवर चादर. आईने दारातच पदर ओढला. इतक्या वर्षांनी, त्रेसष्टाव्या वर्षी. मग स्वतःच तो मागे सारला, खाटेजवळ गेली आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"बठा अक्का," तो म्हणाला. "लांबथीन उनात."

आई खाली जमिनीवर बसली. दिपमाला त्याच्या उशाशी उभी राहिली. मी दारात. सुरुवात त्यानेच केली. त्याला दम लागत होता, त्यामुळे तो तुकड्यातुकड्याने बोलत होता.

"माले काहीच याद नही शे. दारू पेल व्हतू. हातमा कोयता व्हता, ते याद शे. मंग पोलीसस्नी उठाडं, ते याद शे. मझारलं बठ्ठं गयं, मधलं काहीच नही."

"भाऊ," आई म्हणाली, "मले तुम्हाले एक सांगायचंय."

"आयका मनं पहिले." त्याने हात वर केला. "कोर्टमा तुम्ही मनाकडे बोट दखाडं. तवय मी मनमा म्हनं, चला, कोनी तरी देखेल शे. आपले याद नही, पन कोनी तरी देखेल शे. मंग मी कबूल करी टाकं. मनमा. मीच मारं त्याले. चौदा वरीस त्याना नावनी भाकर खादी. दर साल त्या दिनले मी जेवत नही. त्यानी माफी मांगी, रोज मांगी. दारू सोडी. तठेन मी मानूस बनी उनू."

तो थांबला. दिपमालाने त्याच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला. त्याने तो ढकलला.

"आते हाई पोर म्हनस, बाबा, तुम्ही करंच नही. कागद दखाडस. मंग मी माफी कसानी मांगी? चौदा वरीस कसाना गयात? हाईनी माय मरनी, ती कसाना करता मरनी?" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत कानाकडे गेलं. "माले याद नही, अक्का. तुम्ही देखं. तुमनाशिवाय कोनी नही. एक डाव सांगा. मीच व्हतू ना?"

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मी दिपमालाकडे पाहिलं. पाण्याचा चमचा तिच्या हातात तसाच होता. बाप काय विचारणार आहे हे तिलाही माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, तो 'मी नव्हतो ना' असं विचारील.

आई चादरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पायावरची चादर काढू का?"

तो हो म्हणाला. आई गुडघ्यांवर सरकत खाटेच्या पायथ्याशी गेली आणि तिने चादर वर केली. सुजलेले पाय. त्वचा ताणून चकाकणारी, बोटांमधल्या फटी सुजेने भरलेल्या. नखं काळी पडलेली. ती ते बघत राहिली. डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिला काही आठवत होतं की काहीच आठवत नव्हतं, ते मला त्या तोंडावर वाचता आलं नाही, आणि मी तिचा मुलगा आहे.

"मावशी," दिपमाला हळू म्हणाली. "सांगा त्यांना."

आईने चादर खाली केली, नीट ओढून पायांभोवती दाबली. मग वर बघून म्हणाली, "तुम्हीच व्हते, भाऊ. म्या पाह्यलं."

झुलालने डोळे मिटले. त्याची छाती दोन-तीनदा जोरात वरखाली झाली आणि मग शांत झाली. मला एकदम भीती वाटली की गेला. पण तो म्हणाला, "बस. व्हई गयं. दिपमाला, पाव्हनास्ले चहा टाक." आणि त्याचं तोंड भिंतीकडे वळलं. थोड्या वेळाने तो घोरायला लागला.

दिपमालाने चहा केला. दोन कप आमच्यासमोर ठेवले. बशीत एक थेंब सांडला नाही. आम्ही तो प्यायलो, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं. निघताना ती दारापर्यंत आली. फाइल तिने चुलीशेजारच्या सरपणावर टाकून दिली होती, ती मला दिसली.

"तुम्ही रिक्षात काय म्हणालात, भाऊ?" तिने विचारलं.

मी चपलेत पाय सरकवले.

"बाबांना शिक्षा तेव्हा झाली," ती म्हणाली. "मला आज झाली." आणि तिने दार लावून घेतलं.

स्टेशनवर परतीच्या गाडीला तास होता. बाकावर बसलो. दशम्या तशाच होत्या. आईने एक काढून मला दिली, एक स्वतः घेतली, आणि खाऊ लागली. तिला भूक लागली होती याचा मला राग आला. मी काय काय बोललो त्यातलं निम्मं मला आठवत नाही. मी तिला खोटारडी म्हणालो. मग म्हणालो, की गाडीत सांगितलं ते खोटं होतं का? मग म्हणालो, की त्या बाईचं काय, ती जन्मभर ज्यावर जगली ते तू तिच्या घरात बसून मोडलंस. मग मला सुचेना की मी कोणाच्या बाजूने भांडतोय. म्हाताऱ्याला तिने शांत झोप दिली हेही खरं होतं. आणि तिने जे सांगितलं तेच कदाचित घडलं असेल, हेही मला नाकारता येईना. डोळे मिटले की मला आता बागेत झुलाल दिसायला लागला होता, खाटेवरच्या तोंडाचा, आणि मी तर तिथे नव्हतोच.

"पाय तेच होते का?" शेवटी मी एवढंच विचारलं.

"सुजेल पाय होते," आई म्हणाली. "सुजेल पाय सगळ्यायचे सारखेच दिसतात."

"म्हणजे तुला ओळखू आले नाहीत."

तिने दशमीचा शेवटचा घास तोंडात टाकला.

"आई, खरं काय ते मला एकदा सांग. उद्या बन्सीलालनाना बाकावर येतील. रुपचंदभाऊ येतील. ते विचारतील. मी काय सांगू?"

"त्याहीले सांग, अक्कानं परत वयखलं."

"आणि मला?"

आईने रुमालातले तुकडे झटकले, त्याची घडी केली, आणि ती घडी माझ्या गुडघ्यावर ठेवली. हात मात्र तिने उचलला नाही.

"त्या टाईमाले मी थांबले ते तुह्यामुळं," ती म्हणाली. "आज मह्या मनानं त्याच्यासमोर थांबले. आता त्याचं जे काही होईल ते मह्यावर. तुह्यावर नाई."

गाडीची घंटा झाली. आई उठली, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पुढे फलाटावर चालायला लागली. मी तिच्या मागे निघालो, खाली मान घालून, तिच्या पायांकडे बघत.